फांदीदान : एक समीक्षा

मराठी माणसाला समीक्षेचं वावडं कधीच नव्हतं. नाटक सुटून तो बसस्टॉपवर पोचतो न पोचतो तोच त्याची समीक्षा तयार असते. कादंबरीची तर तो न वाचताही करू शकतो. लग्नातला मठ्ठा, गणपतीचं मखर, दिवाळी अंक आणि शेजारणीची चकली, या सगळ्यांना आपल्याकडे जाणकार समीक्षक लाभलेले आहेत. एकच कला अशी राहून गेली, की जिच्या वाट्याला कुणाच्या लेखणीतून बऱ्यावाईट चार ओळी आल्या नाहीत. ती म्हणजे आपल्या बागेतल्या झाडाची फांदी, गड्डा, मुनवा, गेलाबाजार चिमूटभर बी दुसऱ्याला देण्याची कला.

बाग म्हणजे चार एकरांची बाग असं कुणी समजू नये. बाल्कनीतल्या सहा कुंड्या आणि कठड्याला तारेनं बांधलेली रंगाची रिकामी बादली, एवढ्या भांडवलावर आमच्याकडे माणूस ‘सकाळी जरा बागेत होतो’ असं बिनदिक्कत म्हणतो. मला ते मान्य आहे. दोन कवितांवर कवी होता येतं, तर सहा कुंड्यांवर बागवान का होऊ नये?

तर हा फांदी देण्याचा प्रकार जात्याच लोकवाङ्मयासारखा. त्याला लिखित संहिता नाही. तो हातोहात पसरतो आणि पसरताना त्यात पाठभेद होतात. एखाद्या काकूंनी ‘दुहेरी पाकळ्यांची केशरी जास्वंद’ म्हणून दिलेली फांदी तिसऱ्या घरात पोचेपर्यंत तिचं नाव ‘ती बंगलोरची’ एवढंच उरतं. पाचव्या घरात ती ‘आमच्या वहिनींच्या माहेरची’ होते. मूळ कवी कोण, कुठला, कुठल्या शतकातला, हे शोधायला गेलेला संशोधक वेडा होऊन परत येईल. आणि गंमत म्हणजे त्याची खंत मूळ कवीलाही नसते.

समीक्षकानं आधी आपल्या कसोट्या सांगाव्यात असा शिष्टाचार आहे. माझी पहिली कसोटी ही, की जे दिलं ते देणाऱ्याला नको होतं की हवं होतं? कारण झाड देणारा प्रत्येक जण उदार असतो, हा एक मोठा गैरसमज आहे. भर श्रावणात तुमच्या दारात कुणी अळूचे दहा गड्डे, गवती चहाचा ठोंब आणि कर्दळीचे मुनवे घेऊन उभं राहिलं तर त्याला दातृत्व म्हणत नाहीत. त्याला निचरा म्हणतात. स्वखर्चानं काढलेला कवितासंग्रह ‘सप्रेम भेट’ म्हणून देणाऱ्या कवीसारखंच हे. तुम्हाला मिळते एक प्रत, पण त्याच्या पलंगाखाली अजून तीनशे असतात. पानओवा देणारे, कोरफड देणारे, पुदिन्याची काडी देणारे हे सगळे या संप्रदायातले. माणसं भली, यात शंका नाही. पण त्यांच्या कृतीला कलाकृती म्हणायला माझी लेखणी धजत नाही.

खरी परीक्षा होते ती विरळ झाडाची. ज्याचे कुंडीत तीनच गड्डे आहेत आणि त्यातला एक मागायला कुणीतरी दारात आलंय, अशा झाडाची.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्याकडे भुईचाफा आहे. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हे हळदीच्या कुळातलं झाड. पण याची रीत उलटी. हिवाळ्यात पानं झडून जातात आणि कुंडीत वर काडीसुद्धा उरत नाही. मग उन्हाळा लागतो न लागतो तोच, पान वगैरे काही न काढता, थेट मातीतून फूल वर येतं. पांढरं, जांभळ्या जिभेचं, सुगंधी. पानं मागाहून, पावसाच्या सुमाराला, सवडीनं. तर या काकांनी मला ऐन डिसेंबरात एक कुंडी आणून दिली. कुंडीत माती होती. फक्त माती.

“यात काय आहे?” मी विचारलं.

“भुईचाफा.”

“दिसत नाही तो.”

“दिसायचा नाही. मार्चपर्यंत विश्वास ठेवायचा. आणि पाणी जवळजवळ नाहीच घालायचं.”

एवढं बोलून ते जिना उतरून गेले. पुढचे तीन महिने आमच्या घरात त्या कुंडीवरून जे वातावरण होतं ते एखाद्या प्रायोगिक नाटकाच्या मध्यंतरात असतं तसं होतं. ‘काहीतरी होणार आहे बहुतेक’ असं एक जण म्हणतो आणि बाकीचे बटाटेवड्याकडे बघतात. त्या मोकळ्या मातीत धणे टाकायची परवानगी माझ्याकडे तीनदा मागण्यात आली. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मातीला भेग पडून एक फूल वर आलेलं! हा दर्जा मी उत्तम लघुकथेचा मानतो. सुरुवातीला काही सांगितलेलं नाही, मध्ये काही घडलेलं नाही आणि शेवटी मात्र एकदम गंध.

काकांकडे त्या वर्षी तीनच गड्डे होते, हे मला मागाहून त्यांच्या सौभाग्यवतींकडून कळलं. काकांनी ते सांगितलं नव्हतं. इथं माझी दुसरी कसोटी येते. चांगल्या कृतीला लांब प्रस्तावना लागत नाही. फांदी देताना जे लोक पाऊण तास बोलतात (शेणखत किती, नीमपेंड किती, ऊन सकाळचंच हवं, दुपारचं चालणार नाही, आणि पूर्वेला बाल्कनी नसेल तर घर बदला), ते फांदी देत नसून संपादकीय टीपांसह चिकित्सक आवृत्ती देत असतात. मूळ संहिता त्या टीपांखाली गुदमरून जाते, आणि बहुतेक वेळा फांदीही.

याच्याही पुढचा प्रकार म्हणजे झाड देऊन नंतर चौकशीला येणारे. यांची भूमिका स्वच्छ मुलीच्या बापाची असते. फांदी दिली म्हणजे लेक दिली. पंधरा दिवसांनी फोन, “रुजली का?” महिन्यानं प्रत्यक्ष भेट. चहा टेबलावर निवतोय आणि हे बाल्कनीत पानं उलटी करून बघताहेत. “जरा सुकलीय हो. आमच्याकडे होती तेव्हा अशी नव्हती.” या वाक्यानंतर यजमानीणबाईंचा चेहरा कसा होतो हे ज्यानं पाहिलंय त्याला सासर-माहेर या विषयावर आणखी काही वाचायची गरज नाही.

मुलीची आणि झाडाची ही सांगड आपल्याकडे फार जुनी आहे म्हणा. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा तिला वडिलांइतकीच चिंता असते वनज्योत्स्नेची, म्हणजे तिनं वाढवलेल्या नवमालिकेच्या वेलीची. ती वेलीला मिठी मारते आणि दोघी सख्यांना सांगते की हिला तुमच्या हाती सोपवते. सख्या रडत विचारतात, मग आम्हाला कुणाच्या हाती सोपवलंस? कण्वमुनी तर सरळच म्हणून टाकतात की तुला योग्य वर मिळाला, या वेलीला आंबा मिळाला, मी दोघींच्या काळजीतून सुटलो. एका झाडाचं एका हातातून दुसऱ्या हातात जाणं इतक्या सुंदर तऱ्हेनं मी दुसरीकडे कुठं वाचलेलं नाही. आणि बघा, कालिदासानं शकुंतलेच्या तोंडी खताबद्दल एक शब्द घातलेला नाही.

‘शाकुंतल’ म्हटलं की पाठोपाठ महाकवी गटे आलाच. तो ते नाटक डोक्यावर घेऊन नाचला, असं आपल्याला शाळेपासून सांगतात. नाचला की नाही देव जाणे, कविता मात्र त्यानं १७९१ साली नक्की केली. पण मला त्या नाचापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त आवडते. या महापुरुषाला पानफुटीचं वेड होतं. होय, तीच आपली शाळेच्या जीवशास्त्राच्या तासाची पानफुटी, जिचं पान ओल्या मातीवर टाकलं की कडेच्या खाचाखाचांतून पिल्लं उभी राहतात. मूळची ती मादागास्करची. एका पानात अख्खं झाड लपलेलं असतं, हे पाहून गटे इतका हरखला की वाइमारच्या आपल्या घरात त्यानं ती वाढवली आणि स्नेह्यांना पिल्लं वाटत सुटला. वनस्पतींच्या रूपांतरावर १७९० साली त्यानं प्रबंध लिहिला होता, त्याचा हा जणू चालताबोलता पुरावा. जर्मनीत आजही त्या झाडाला गटेचं झाड म्हणतात.

आता माझ्या पहिल्या कसोटीला धरून पाहिलं तर पानफुटी वाटणं म्हणजे निचराच. कारण ती न वाटाल तर चार महिन्यांत घर तिचं आणि आपण भाडेकरू. पण गटे ती वाटत होता ते जागा मोकळी करायला नव्हे. ‘हे बघा काय अजब आहे!’ असं कुणालातरी सांगितल्यावाचून त्याला राहवत नव्हतं. म्हणजे माझी कसोटी तेवढी ताणून घ्यावी लागणार. समीक्षेच्या कसोट्या थोरांसाठी नेहमीच ताणाव्या लागतात, ही प्रथा मी सुरू केलेली नाही.

‘हे बघा काय अजब आहे’ या भावनेचं मराठी मध्यमवर्गातलं सर्वोच्च शिखर म्हणजे ब्रह्मकमळ. हे फुलायच्या रात्री जे घडतं ते दुसऱ्या कुठल्या फुलाच्या नशिबी नाही. संध्याकाळी सातला फोन जातात. नऊला खुर्च्या मांडल्या जातात. साडेदहाला मसाला दूध येतं. फूल अजून अर्धंच उघडलेलं असतं, पण पाहुणे पूर्ण उघडलेले असतात आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर चर्चा रंगलेली असते. बाराच्या सुमाराला आरतीचं तबक. आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एकेक पान, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

या सोहळ्यातलं एकही विधान वनस्पतिशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, उंच थंडीत उगवतं. ते उत्तराखंडाचं राज्यपुष्प आहे आणि पुण्याच्या बाल्कनीत ते जगायचं नाही. आपण ज्याला आरती ओवाळतो तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा एक निवडुंग. त्याला कमळाशी देणंघेणं नाही, ब्रह्मदेवाशी तर नाहीच नाही. आणि पान म्हणून जे वाटतात तेही पान नव्हे, चपटं झालेलं खोड आहे. म्हणूनच ते रुजतं. पण हे सगळं मध्यरात्री त्या मांडवात सांगणारा माणूस वनस्पतिशास्त्रज्ञ असेल, सुसंस्कृत असेलच असं नाही. माझ्या लेखी महत्त्वाचं एवढंच, की मेक्सिकोचा एक निवडुंग महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचला तो मुख्यतः वर्तमानपत्रात गुंडाळून.

आता चिक्कूंकडे वळू. यांचा एक खास मराठी नमुना आहे. तो ‘नाही’ कधीच म्हणत नाही. “देईन की! पावसाळ्यात आठवण करा.” पावसाळ्यात, “आत्ता नको, कुजेल. थंडीत बघू.” थंडीत, “आता झाड झोपलंय.” उन्हाळ्यात ते गावाला. झाडाच्या वार्षिक जीवनक्रमाचा इतका सखोल अभ्यास मी कुठल्याही उदार माणसात पाहिलेला नाही. प्रदर्शनात कुंड्या ठेवणारांची गोष्ट थोडी वेगळी. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. तिथं बक्षिसाच्या आशेनं वर्षभर राबणारा माणूस निकालापर्यंत पान देणार नाही, हे समजण्यासारखं आहे. निकालानंतर मागा. बक्षीस मिळालं असेल तर आनंदानं देईल, आणि नसेल मिळालं तर वैतागून अख्खी कुंडीच देईल.

न देण्याचं काय होतं याचा इतिहास मात्र बोलका आहे. सोळाव्या शतकात क्लूसियस नावाचा मोठा वनस्पतिपंडित होऊन गेला. स्वभावानं तो अत्यंत दिलदार. सगळ्या युरोपभर त्याचा पत्रव्यवहार, आणि पत्रांबरोबर कंद आणि बिया जायच्या-यायच्या. त्याला आलेली हजारावर पत्रं आजही हॉलंडात लायडनच्या विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. स्नेह्यांना तो फुकट द्यायचा. पण १५९३ साली तो लायडनला आला तेव्हा त्याच्या ट्युलिपांवर पैसेवाल्यांचा डोळा गेला. सांगतात की विकत मागणाऱ्यांना त्यानं अशी किंमत सांगितली की कुणी घेऊ धजलं नाही. मग लोकांनी तिसरा मार्ग पत्करला. बागेत चोऱ्या झाल्या. त्या चोरीच्या कंदांपासूनच हॉलंडभर ट्युलिप पसरला असंही म्हणतात. सगळं श्रेय चोरांना देणं जरा जास्त होईल, पण पुढं १६३६-३७ मध्ये याच फुलाच्या कंदांवर डच लोकांनी जो सट्टा खेळला आणि १६३७ च्या फेब्रुवारीत जो बाजार कोसळला, ते सारं पाहायला म्हातारा नव्हता हे बरं झालं. तो १६०९ सालीच गेला.

चोरीचं निघालंच आहे तर आपल्याकडच्या एका शास्त्रार्थाचाही समाचार घेऊ. मनी प्लँट म्हणे चोरून आणलेलाच लागतो! या एका वाक्यावर कित्येक पापभीरू गृहिणींनी डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या वेलीचे शेंडे पर्समध्ये घातलेले आहेत. खरी गोष्ट अशी की त्या वेलीच्या प्रत्येक पेरावर मुळाचा कोंब तयारच असतो. ती चोरून आणा, मागून आणा, बाटलीत ठेवून विसरून जा, लागणारच. इंग्लंडात आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत दुसरी समजूत आहे. दिलेल्या रोपाबद्दल आभार मानायचे नाहीत, मानले तर रोप मरतं. मला ही समजूत आपल्या चोरीची बहीण वाटते. दोन्हींचा हेतू एकच, की देणाघेणाऱ्यांमध्ये हिशेब उरू नये. चोरीत देणाऱ्याला कळत नाही, आणि तिकडे घेणाऱ्याला बोलता येत नाही.

चोरून घेणारे खूप झाले. चोरून देणारी मला माहीत आहे ती एकच. एलेन विलमॉट नावाची इंग्लिश बाई, १९३४ साली वारली. बागांवर तिनं सारी संपत्ती उधळली. तिच्याबद्दल अशी आख्यायिका आहे, की ती दुसऱ्यांच्या बागा बघायला जायची तेव्हा खिशात एका रुपेरी काटेरी फुलाचं बी असायचं आणि यजमानाची पाठ वळली की ती ते वाफ्यात भिरकावून द्यायची. बाई निघून गेल्यावर कधीतरी तिथं ती चंदेरी झाडं उभी राहायची. इंग्लंडात त्या झाडाला ‘मिस विलमॉटचं भूत’ असंच नाव पडलंय. गुप्तदानाचा याहून शुद्ध नमुना मला ठाऊक नाही. फक्त यजमानाला ते झाड हवं होतं की नाही, हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

इथवर गंमत झाली. पण या सगळ्या देवघेवीत काहीतरी खरोखर पणाला लागलेलं असतं, आणि ते कधीकधी फार मोठं असतं. अमेरिकेतल्या जॉर्जियात एका नदीकाठी जॉन बार्ट्रम आणि त्याचा मुलगा विल्यम यांना १७६५ साली एक फुलझाड दिसलं. पांढरी, मोठी फुलं, चहाच्या कुळातलं. मुलानं पुढं त्याचं बी फिलाडेल्फियाच्या आपल्या बागेत आणून रुजवलं, आणि वडिलांचा स्नेही बेंजामिन फ्रँकलिन याचं नाव त्याला दिलं. १८०३ नंतर ते झाड रानात कुणालाही दिसलेलं नाही. आज जगात जिथं म्हणून फ्रँकलिनिया आहे, तिथं तो या बापलेकांनी आणलेल्या बियांचाच वंश आहे. त्यांनी ते बी आपल्याच कुंपणात ठेवलं असतं आणि एखाद्या हिवाळ्यानं ते खाल्लं असतं, तर उरलं असतं काय? एक चित्र आणि एक लॅटिन नाव.

आणि लांब अमेरिकेत कशाला जायचं? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती देशी बियाणं जमवून, जपून आणि वाटून. त्यांचं घर म्हणजे वाल, घेवडे, भात, भाज्या यांची बँक. आम्ही शहरातले लोक जास्वंदीच्या फांदीवरून रुसतो-फुगतो, पण तिकडे बी देणं म्हणजे एक वाण पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोचवणं. आपल्या २००१ च्या कायद्यानंही शेतकऱ्याचा बियाणं राखण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क मान्य केलेला आहे. विकायचाही आहे, फक्त ब्रँडचा शिक्का मारून विकता येत नाही. सरकारी कायद्यात ‘वाटणे’ हे क्रियापद इतक्या चांगल्या अर्थानं क्वचित आलं असेल.

याच्या उलटचं टोक पाहायचं तर २०२१ साली न्यूझीलंडमध्ये एका वेलीचा लिलाव झाला. पानांवर पांढऱ्या छटा असलेली, मॉन्स्टेराची धाकटी बहीण शोभावी अशी वेल. पानं मोजून नऊ. किंमत आली २७,१०० न्यूझीलंड डॉलर. म्हणजे एका पानाला तीन हजारांवर डॉलर! आता या वेलीच्या मालकाकडे जाऊन “एक फांदी द्या ना हो” म्हणायची कुणाची छाती आहे? आणि तो तरी हसून देईल कसा? झाडाला भाव आला की बाल्कनीला कुलूप येतं. माझा विक्रीला विरोध नाही, रोपवाटिकावाल्यालाही पोट आहे. फक्त त्या वेलीला आता कुणाच्या वहिनींच्या माहेरचं नाव मिळणार नाही, एवढंच.

आणि आता ज्या कृतीला मी या साऱ्या वाङ्मयप्रकारात पहिला क्रमांक देतो तिच्याकडे येतो. हे एक छोटं चिनी झाड आहे. पानं रुपयासारखी गोल, आणि देठ पानाच्या कडेला नसून जवळजवळ मध्यावर चिकटलेला, त्यामुळे प्रत्येक पान उघडलेल्या छोट्या छत्रीसारखं दिसतं. चीनच्या युनान प्रांतातून जॉर्ज फॉरेस्ट या वनस्पतिसंग्राहकानं १९०६ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये याचे नमुने गोळा केले, १९१२ साली त्याला पिलिआ पेपेरोमिऑइडिस असं तोंडात न मावणारं नाव मिळालं, आणि वाळवलेल्या नमुन्यांच्या रूपात ते कपाटात गेलं. शास्त्राच्या दृष्टीनं गोष्ट संपली.

१९४४ साली आग्नार एस्पेग्रेन नावाचा नॉर्वेचा मिशनरी युद्धाच्या धामधुमीत हूनान सोडून बायकामुलांसह निघाला. वाटेत युनानमध्ये त्याला हे झाड मिळालं. त्यानं ते खोक्यात घातलं. लढाई चाललेली, डोक्यावर विमानं, बरोबर कुटुंब, पुढचा पत्ता नाही, आणि हा गृहस्थ कुंडी सांभाळतोय! तिथून ही मंडळी कलकत्त्याला आली आणि साधारण वर्षभर हिंदुस्थानात राहिली. झाड जगलं. १९४६ साली ते नॉर्वेत पोचलं. (त्या वर्षभरात या कुटुंबाची एखाद्या सदाशिव पेठी बाईंशी गाठ पडली असती, तर हे झाड आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आधीच घरोघरी झालं असतं आणि आज त्याला ‘रुपयाकमळ’ वगैरे नाव असतं.)

कामानिमित्त एस्पेग्रेन नॉर्वेभर फिरायचा. जाईल तिथं पिल्लू देऊन यायचा. या झाडाची सोयच तशी, कुंडीच्या कडेनं मातीतून आपोआप पिल्लं वर येतात. ज्याला एक मिळालं त्यानं वर्षभरात तिघांना दिलं. नॉर्वेतून स्वीडन, पुढं इंग्लंड. दुकानात नाही, पुस्तकात नाही, यादीत नाही. फक्त खिडक्यांत. तीस वर्षं हे झाड एका घरातून दुसऱ्या घरात हिंडत होतं आणि एकाही पंडिताला त्याचा पत्ता नव्हता. १९७० नंतरच्या दशकात इंग्लंडातले लोक लंडनच्या क्यू बागेकडे पानं पाठवून विचारू लागले, की हे आमच्या खिडकीतलं झाड कुठलं हो? नुसत्या पानावरून तज्ज्ञांना नाव सांगता येईना. शेवटी फुलासकट नमुना आला तेव्हा कपाटातल्या जुन्या वाळक्या काडीशी त्याची ओळख पटली. क्यूच्या नियतकालिकात या झाडाचं चित्र छापून आलं ते १९८४ साली. तोवर स्कँडिनेव्हियातल्या आज्यांनी त्याची कितवी पिढी वाटायला काढली होती कोण जाणे.

सगळ्या कसोट्या लावून पाहा. प्रस्तावना नाही. चौकशीच्या भेटी नाहीत. किंमत नाही. चिकित्सक आवृत्ती तर पंडितांनाच काढता आली नाही. समीक्षकाला याहून अधिक काय हवं?

आता अर्थातच ते झाड विकत मिळतं. आमच्याकडेही एक आहे, रोपवाटिकेतून आणलेलं, कुंडीला किमतीची चिठ्ठी चिकटवलेलं. पुण्याचा उन्हाळा त्याला मानवत नाही, पण स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीत तग धरून आहे. यंदा पावसात कडेनं तीन पिल्लं आली. एक खाली भुईचाफेवाल्या काकांकडे गेलं. एकावर समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी बोट ठेवून झालंय. तिसरं अजून मोकळं आहे. ज्यांना हवं असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावं, येताना दुधाची एक रिकामी पिशवी घेऊन यावी, आणि आभार मात्र मानू नयेत.